फास्मरचा व्युत्पत्तिकोश : 'भीती' या एका शब्दावर घासून पाहिलेला

व्युत्पत्तिकोश घ्यावा की नाही हे ठरवायचं असेल तर मी त्यात आई, गाय, नाक, दोन, तीन हे शब्द उघडत नाही. ते सगळ्याच कोशांत चांगले जमलेले असतात, कारण पुरावा ढीगभर असतो आणि अर्थ जागचा हललेला नसतो. मी भावनेचा शब्द उघडते. राग, भीती, लाज, दुःख. गाईकडे बोट दाखवता येतं, भीतीकडे येत नाही. म्हणून भीतीला नाव देताना माणूस शब्द दुसरीकडून आणतो, बहुतेकदा अंगाला जे जाणवतं तिथून. आणि काही शतकांनी तो कुठून आणला होता हे विसरतो. तो मागचा माग काढताना कोशकाराचे ध्वनिनियम किती पक्के आहेत, अर्थाच्या बाबतीत तो किती संयम पाळतो आणि 'हे नक्की नाही' असं लिहायची त्याची तयारी आहे का, हे सगळं एका नोंदीत उघड होतं.

माक्स फास्मरचा रशियन भाषेचा व्युत्पत्तिकोश मी असाच तपासला आणि आजही तसाच वापरते. मी संस्कृत शिकवते, रशियन त्यानंतर शिकले. कोशाची चार खंडांची रशियन आवृत्ती माझ्या टेबलावर हाताशी असते आणि तिसरा खंड इतर तिघांपेक्षा जास्त झिजलेला आहे. तिसऱ्यात 'स'ची अक्षरं येतात, आणि रशियनमधला भीतीचा शब्द, 'स्त्राख', त्यातच आहे.

आधी कोशाची ओळख. फास्मर १८८६ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये एका जर्मन कुटुंबात जन्मले. पुढे बर्लिनमध्ये प्राध्यापक झाले. १९३८-३९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात व्याख्यानांसाठी गेले असताना या कोशाचं काम सुरू झालं. १९४४ मध्ये बर्लिनवरच्या बॉम्बहल्ल्यात त्यांचं घर गेलं, आणि त्याबरोबर टिपणं आणि पुस्तकंही. कोशाचं काम म्हणजे हजारो चिठ्ठ्या. त्या जळाल्यावर साठीकडे झुकलेल्या माणसाने पुन्हा पहिल्यापासून चिठ्ठ्या करायला घेतल्या. जर्मन मूळ हायडेलबर्गहून १९५० ते १९५८ या काळात तीन खंडांत निघालं. नंतर रशियन भाषाशास्त्रज्ञ ओलेग त्रुबाचोव यांनी त्याचं रशियनमध्ये भाषांतर केलं आणि १९६४ ते १९७३ या काळात मॉस्कोच्या प्रोग्रेस प्रकाशनाने चार खंड काढले. फास्मर १९६२ मध्येच गेले, रशियन आवृत्तीचा पहिला खंडही त्यांना बघायला मिळाला नाही. या प्रकाशनाचं नाव मराठी वाचकाला परकं नाही. १९८६-८७ मध्ये दुसरी आवृत्ती आली. माझ्याकडे तीच आहे.

त्रुबाचोव यांना नुसतं भाषांतरकार म्हणणं अन्यायाचं होईल. जिथे त्यांचं मत वेगळं आहे किंवा नवं संशोधन हाती आलेलं आहे, तिथे त्यांनी चौकटी कंसात आपली भर घातली आहे आणि शेवटी 'त' हे आद्याक्षर ठेवलं आहे. मूळ लेखकाच्या वाक्याला धक्का लावलेला नाही. एका पानावर दोन अभ्यासक बोलताना दिसतात, आणि कोण काय म्हणतंय याचा कुठेही घोटाळा होत नाही. आपल्याकडे टीका आणि मूळ ग्रंथ एकाच पानावर वाचायची सवय असलेल्यांना हे लगेच आवडेल.

आता 'स्त्राख'. नोंद लहान आहे, बोटभर. पण तिची रचना एकदा समजून घेतली की सगळा कोश उघडतो. रशियन शब्दानंतर भावंडांची, म्हणजे रशियनच्याच स्लाव्ह कुळातल्या इतर भाषांमधल्या शब्दांची, रांग लागते: युक्रेनियन, जुनी रशियन, जुनी स्लाव्ह, बल्गेरियन, सर्बो-क्रोएशियन, स्लोव्हेन, चेक, स्लोव्हाक, पोलिश. बहुतेक ठिकाणी शब्द 'स्त्राख' किंवा त्याच्या अगदी जवळचा. रांगेच्या शेवटी पूर्व जर्मनीतल्या लुसातियातल्या दोन छोट्या भाषा, वरची आणि खालची सोर्बियन. खालच्या सोर्बियनमध्ये शब्द 'त्शाख' असा होतो, कारण त्या भाषेत 'त्र'चा असाच चुराडा होतो. जुन्या स्लाव्हचं महत्त्व वेगळं आहे. नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस यांनी ग्रीक धर्मग्रंथ स्लाव्हमध्ये आणले, आणि ग्रीकमध्ये जिथे 'फोबोस' आहे तिथे स्लाव्हमध्ये हा शब्द येतो. म्हणजे अकराशेहून अधिक वर्षं शब्दाचा अर्थ हललेला नाही.

या सगळ्यांच्या मागे एक रूप धरायचं: *स्त्राखु. शेवटचा उ अगदी आखूड, पुढे बहुतेक भाषांत गळून गेलेला. समोरचा तारा सांगतो की हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही. आद्य स्लाव्ह बोलणाऱ्यांनी आपली भाषा कधी लिहिलीच नाही. ती लेकींच्या तोंडावरून ओळखायची आईची चेहरेपट्टी आहे.

इथपर्यंत कोणताही बरा कोश पोचतो. खरी परीक्षा पुढे आहे: स्लाव्हच्या बाहेर याचे नातेवाईक कोण?

संस्कृत येणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हा येतो की भीतीसाठी 'भय'चा भाऊबंद का नाही? तो आहे, पण क्रियापदात. पहिल्या खंडात 'बोयात्स्या', म्हणजे भिणे, हा शब्द काढा. तिथे संस्कृत 'भयते', लिथुआनियन 'बियोती', जुन्या जर्मनमधलं थरथरण्याचं क्रियापद, सगळे ओळीने बसलेले आहेत. 'भिऊ नकोस'ला रशियन म्हणतो 'ने बोय्स्या', आणि त्यातला 'बोय' आपल्या 'भी'चा सख्खा आहे. म्हणजे स्लाव्ह लोकांनी भिण्याचं जुनं क्रियापद टिकवलं, आणि नामासाठी मात्र नवा शब्द घडवला. कशापासून?

फास्मर ज्या उत्तराकडे झुकतात ते असं: मूळ अर्थ 'ताठरणं, आखडून जाणं'. साक्षीला लिथुआनियन 'स्त्रेग्ती', म्हणजे आखडणे, गोठून बर्फ होणे; आणि लाटवियनमधला 'स्त्रेगेले', म्हणजे छपराच्या कडेला लोंबणारी बर्फाची सुई. माणूस भीतीने जागच्या जागी गोठतो, आणि त्या गोठण्याचंच नाव पुढे भीतीला पडलं.

असं काही वाचलं की मी लगेच विश्वास ठेवत नाही. अर्थाची गोष्ट गोड असते, आणि गोड गोष्टीनेच व्युत्पत्तीत सगळ्यात जास्त नुकसान केलेलं आहे. कृ. पां. कुलकर्णींचा मराठी कोश हाताळलेल्यांना ठाऊक आहे की अर्थ जुळला म्हणून शब्द जुळत नाही. आधी ध्वनी जुळावा लागतो. तेव्हा ध्वनी बघू. इथे आपल्याला, म्हणजे संस्कृतच्या वाटेने आलेल्यांना, एक मोठी सोय आहे, आणि याच कारणासाठी मी हा कोश मराठी वाचकांना सुचवते आहे.

'स्त्रेग्'मध्ये 'ग' आहे, 'स्त्राख'मध्ये 'ख'. हा बदल कसा होतो? धातूला 'स' जोडला. 'ग' आणि 'स' शेजारी आले की 'ग'चा 'क' होतो, आणि 'क'नंतर आलेला 'स' बदलतो. संस्कृतात हेच होतं: युज्पासून योक्ष्यते, वाच्पासून वाक्षु. क वर्गानंतर, र-कारानंतर, इ-उ नंतर 'स'चा 'ष' होतो हा षत्वाचा नियम शाळेतली मुलंही अग्निषु, गुरुषु म्हणताना नकळत पाळतात. स्लाव्हमध्येही त्याच जागी 'स' बदलतो, फक्त 'ष' न होता शेवटी घशातला 'ख' होतो. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ होल्गर पेडरसन यांनी १८९५ साली स्लाव्हमधली ही गोष्ट नीट मांडली, म्हणून तिला पेडरसनचा नियम म्हणतात. र, उ, क, इ या चार ध्वनींवरून 'रुकी नियम' हेही नाव आहे. पुरावा हवा असेल तर हा घ्या. संस्कृत सूनु म्हणजे मुलगा, सप्तमीचं अनेकवचन सूनुषु. जुन्या स्लाव्हमध्ये मुलगा 'सिनु', आणि सप्तमीचं अनेकवचन 'सिनुखु'. शब्द तोच, विभक्ती तीच, आणि 'स' बदलायची जागाही तीच. ही जोडी मी वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा मागच्या बाकावरचीही मान वर होते.

म्हणजे *स्त्रोग्-स- पासून *स्त्रोक्स-, मग 'क' गळून 'स्त्राख'. क्षचा शेवटी ख होणं मराठी माणसाला नवं वाटायला नको. लक्षचा लाख झाला, रक्षणमधून राखणं आलं. नियम वेगळे, काळ वेगळा, पण तोंडाला ती वाट सोपी जाते हे आपल्याच भाषेत दिसतं. राहिला स्वर: धातूत 'ए' आणि नामात 'आ' का? तेही ओळखीचं आहे. क्रियापदाच्या धातूपासून नाम करताना आतला स्वर चढवायचा ही जुनी घरगुती रीत, जशी त्यज्पासून त्याग. स्लाव्हचा दीर्घ 'आ' हा बऱ्याचदा जुन्या दीर्घ 'ओ'पासून येतो, आणि 'ए'-'ओ'ची अदलाबदल या भाषाकुळाची खूणच आहे.

ध्वनी जुळले. आता अर्थाकडे बघायला हरकत नाही, आणि मराठीइतका चांगला साक्षीदार या बाबतीत शोधून सापडणार नाही. आपण म्हणतो, 'भीतीने थिजून गेली'. तूप थिजतं, तेल थिजतं, माणूसही थिजतो. हातपाय गार पडले, रक्त गोठलं, जागीच खिळला. अमुक भाषेत असा अर्थबदल होणं शक्य आहे का, हा प्रश्न पडला की दुसऱ्या भाषेत तो झालेला दाखवावा लागतो. इथे तो आपल्या रोजच्या बोलण्यात झालेला आहे.

तरीही हा निकाल अंतिम नाही, आणि कोश तसं भासवत नाही. लॅटिन 'स्त्रागेस', म्हणजे धूळधाण, रणात पडलेला खच, याच्याशीही हा शब्द जोडला गेलेला आहे. ध्वनीच्या दृष्टीने ते अशक्य नाही. अर्थाच्या दृष्टीने मात्र विध्वंसापासून भीतीकडे येताना मधली पायरी कुठे दिसत नाही. लाटवियनमध्ये धमकावण्यासाठी 'स्त्रुओस्तीत' असं क्रियापद आहे, त्याच्याशीही तुलना होते. अर्थ इथे फार जवळचा. पण मला ही तुलना पटत नाही, कारण अ-आ-ओ यांच्यानंतरचा 'स' स्लाव्हमध्ये या नियमाने बदलत नाही. संस्कृत नासा (नाक) आणि रशियन 'नोस' बघा: 'स' जसाच्या तसा, 'नोख' कुठेच नाही. धमकावण्याच्या शब्दापासून 'स्त्राख' काढायचा तर 'ख' कुठून आला हे वेगळं सांगावं लागेल. गोठण्याच्या बाजूने तो आपोआप मिळतो. म्हणून मी फास्मरच्या बाजूने आहे.

हे वजन-माप मला करता आलं याचं श्रेय कोशाला आहे. नुसतं उत्तर देऊन तो थांबला असता तर मी वहीत उतरवून पुढे गेले असते. तो स्पर्धक मतं समोर ठेवतो आणि प्रत्येकापुढे निवाड्याचा एखादा शब्द टाकतो: बहुधा, क्वचितच, संशयास्पद, अग्राह्य. रशियनमधला 'येद्वा ली' हा शब्द, म्हणजे 'असं असणं अवघड आहे', या कोशात इतक्या वेळा येतो की तो मी इथेच शिकले. या शब्दांच्या छटा नीट ओळखा. 'कमी संभाव्य' आणि 'अग्राह्य' यांत मोठं अंतर आहे आणि फास्मर ते मोजून पाळतात.

आता ज्या गोष्टी खटकतात त्या.

कोश रशियनचा आहे. मथळ्याचे शब्द रशियन, आणि आद्य स्लाव्ह रूप नोंदीच्या पोटात कुठेतरी, कधी स्पष्ट, कधी तुम्हीच काढायचं. भावंडांची रांग देताना अर्थ तोच असेल तर पुन्हा दिलेला नसतो, आणि त्यामुळे दुसऱ्या भाषांत शब्द कसा जगतो हे कळत नाही. 'स्त्राख'च्या बाबतीत हे नुकसान मोठं आहे. पोलिशमध्ये शेतातल्या बुजगावण्याला म्हणतात 'स्त्राख ना व्रुब्ले', चिमण्यांसाठीची भीती. आणि आपलं बुजगावणंही बुजण्यावरूनच आलेलं. चेकमध्ये 'स्त्राशिद्लो' म्हणजे भूत. रशियनमध्ये तर विम्याला 'स्त्राखोव्का' म्हणतात, आणि गिर्यारोहकाला सांभाळून धरणाऱ्या दोरालाही तोच शब्द. भीतीच्या शब्दातून भीतीवरचा उपाय निघाला, ही या शब्दाच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट आहे. ती नोंद वाचून हाती लागत नाही. वेगळे कोश काढावे लागतात.

संक्षेप जीव खातात. 'व.-लुझ.', 'न.-लुझ.', 'स्त.-स्लाव.', 'लतिश.' आणि पुढे नियतकालिकांची दोन-तीन अक्षरी नावं. पहिल्या खंडाच्या सुरुवातीला संक्षेपांची यादी आहे, तिची छायाप्रत काढून प्रत्येक खंडात ठेवा. माझ्या चारही खंडांत आहे. संस्कृत शब्द 'द्र.-इंद.' म्हणजे 'प्राचीन भारतीय' या खुणेने येतात, आणि ते रोमन लिपीत, जुन्या पद्धतीच्या चिन्हांनी. 'श'साठी खाली शेपटी असलेलं 'सी' वापरलेलं आहे. सवय होईपर्यंत आपलेच शब्द ओळखू येत नाहीत.

तिसरी मर्यादा काळाची. आद्य भारोपीय भाषेतले, म्हणजे संस्कृत, स्लाव्ह, लॅटिन यांच्या समान पूर्वज भाषेतले, स्वरयंत्रीय (लॅरिंजियल) ध्वनी, ज्यांच्यावर आजचं सगळं काम उभं आहे, ते फास्मर हिशेबात घेत नाहीत. स्लाव्ह आघातांचा, म्हणजे शब्दात जोर कुठे पडतो याचा, अभ्यासही नंतर बदलला: ख्रिश्चन स्टांग यांचं आघातांवरचं महत्त्वाचं पुस्तक १९५७ चं, म्हणजे हा कोश संपत आला तेव्हाचं. त्यामुळे आद्य भारोपीय रूप काय होतं हे या कोशावरून सांगू नये. त्यासाठी तो नाहीच.

एका नोंदीवर कोशाची पारख होत नाही, म्हणून दुसरी भावना घेते: राग. रशियन 'ग्नेव', आद्य स्लाव्ह *ग्नेवु, पहिला खंड. फास्मर याला कुजण्याच्या आणि पुवाच्या शब्दांशी जोडतात. 'ग्निती' म्हणजे कुजणे, रशियन 'ग्नोय' म्हणजे पू, आणि पोलिश-चेकमध्ये त्याचाच भाऊ म्हणजे शेणखत.

पुन्हा ध्वनी आधी. 'ग्नोय' आणि 'ग्नेव' एका धातूचे कसे? इथे तर पाणिनीचं 'एचोऽयवायावः' समोर उभं राहतं. नी धातूचा गुण झाला की ने. पुढे व्यंजन आलं तर नेता, स्वर आला तर नयन. स्लाव्हमध्ये जुना 'ओइ' असाच वागतो: पुढे व्यंजन असेल तर मिटून 'ए' होतो, स्वर असेल तर 'ओय' असा फुटतो. *ग्नोइ-पुढे व आला, झालं ग्नेव. स्वर आला, झालं ग्नोय. आजच्या रशियनमध्येही हे जिवंत आहे: गाणे म्हणजे 'पेत्य', पण मी गातो म्हणजे 'पायू', लिहिताना 'पोयू'. नेता-नयन ज्याला पाठ आहे त्याला स्लाव्ह व्याकरणातलं हे अर्धं प्रकरण शिकवावंच लागत नाही.

अर्थाचा पुरावा 'स्त्राख'पेक्षाही इथे भक्कम आहे, कारण जुन्या रशियन-चर्च स्लाव्ह, म्हणजे धर्मग्रंथांच्या भाषेतल्या, लिखाणात 'ग्नेव' हा शब्द चक्क 'कुजकेपणा' या अर्थाने आलेला आहे, आणि फास्मर त्यावर बोट ठेवतात. राग म्हणजे आत साचून नासलेली, ठणकणारी गोष्ट. दुसरं मत त्याला पेटवण्याच्या क्रियापदाशी जोडतं. आपल्याकडे राग भडकतोही आणि वर्षानुवर्षं मनात साचूनही राहतो, म्हणून नुसत्या अर्थावर निर्णय करायचा तर दोन्ही मतं सारखीच पटतात. पण तो एक जुना दाखला कुजण्याच्या बाजूला पडतो, आणि माझ्या लेखी तो पुरेसा आहे.

बाकीच्या भावना भरभर सांगते. 'गोर्ये', दुःख, हे 'गोरेत्य' म्हणजे जळणे याच्याशी. आणि फास्मर तिथे समांतर म्हणून संस्कृत 'शोक' देतात, ज्याचा जुना अर्थ ज्वाळा. शुच् म्हणजे झळकणं, जळणं, हे आठवलं की नोंद पक्की बसते. 'पेचाल', म्हणजे खिन्नता, ही भाजण्याच्या 'पेकू'पासून. त्याचा संस्कृत भाऊ पच्. 'स्तीद', लाज, ही थंडीच्या 'स्तूझा'च्या कुळातली. म्हणजे दुःख जाळतं, लाज आणि भीती गारठवतात. 'ल्युबोव', प्रेम, दुसऱ्या खंडात, लुभ् धातूपाशी. संस्कृतात लोभ हा षड्रिपूंतला एक, पण मराठी पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहिणाऱ्याने हाव मागितलेली नसते. स्लाव्ह शब्दातला जिव्हाळ्याचा अर्थ आपल्या त्या एका वाक्यात शाबूत आहे.

पर्यायांबद्दल. त्रुबाचोव यांनी १९७४ पासून स्लाव्ह भाषांचा स्वतंत्र, प्रचंड व्युत्पत्तिकोश काढायला सुरुवात केली. त्यात मथळेच आद्य स्लाव्ह, ताऱ्यासकट. ते २००२ मध्ये गेले, काम त्यांच्या मागे चालू राहिलं, चाळीसहून अधिक खंड निघाले. ज्याला *ग्नेवुवर सविस्तर वाचायचं आहे त्याने तिथेच जावं. प्रत्येक मताचा समाचार घेतलेला असतो. पण गाडी अजून 'प'मध्ये आहे. 'स' आलेला नाही, म्हणून *स्त्राखु तिथे मिळणार नाही. रिक डेर्कसेन यांचा इंग्रजी कोश, लायडनच्या ब्रिलने २००८ मध्ये काढलेला, एका खंडात मावतो. आघातांचे वर्ग आणि स्वरयंत्रीय ध्वनी आजच्या पद्धतीने देतो. ताजा आणि शिस्तीचा आहे. पण त्याची व्याप्ती वारशाने आलेल्या शब्दांपुरती, आणि निवाडे फार आखूड. वेगवेगळी मतं समोर ठेवून वाचकाला तोलू देण्याचं सुख त्यात नाही. फास्मर आणि डेर्कसेन दोन्ही परवडत असतील तर डेर्कसेनही घ्या, पण फास्मरनंतर.

फास्मर फुकटही वाचता येतो. सर्गेई स्तारोस्तिन यांनी सुरू केलेल्या 'टॉवर ऑफ बॅबेल' या संकेतस्थळावर संपूर्ण कोश शोधता येतो. तिथे नोंद फोडून दाखवलेली आहे: जवळची व्युत्पत्ती, दूरची व्युत्पत्ती, त्रुबाचोव यांची टिप्पणी, आणि छापील पानाचा आकडा. नवशिक्याला ही मांडणी कागदापेक्षा सोपी जाते, कारण स्लाव्ह भावंडं कुठे संपली आणि बाहेरचे नातेवाईक कुठे सुरू झाले हे डोळ्यांना दिसतं. संकेतस्थळ जुन्या धाटणीचं आहे. शोध अचूक स्पेलिंगवरच चालतो. पण 'बर्फ' किंवा 'थंड' असा अर्थ टाकून सगळ्या नोंदींत शोधता येतं ही गोष्ट छापील कोश कधीच देऊ शकणार नाही. भावनांचे शब्द मी आता असेच शोधते: आधी जळणे, गोठणे, कुजणे, आवळणे हे अर्थ संकेतस्थळावर टाकायचे, मग मिळालेल्या नोंदी कागदावर वाचायच्या. तीच नोंद कागदावर वाचताना शेजारच्या नोंदीही नजरेखाली येतात, आणि नातेवाईक अनेकदा शेजारीच राहतात.

विकत घेताना एवढं बघा. खंडांची विभागणी अशी: पहिला अ ते द, दुसरा 'ये'पासून 'मुझ'पर्यंत, तिसरा 'मुझा'पासून 'स्यात'पर्यंत, चौथा 'त'पासून शेवटपर्यंत. जुन्या बाजारात सुटे खंड मिळतात. भावनांसाठी एकच घ्यायचा तर तिसरा घ्या, भीती, लाज आणि खिन्नता एकत्र मिळतील. बांधणीचा कणा उघडून बघा, कारण जाड खंड मधोमध सुटतात. रशियन अजिबात येत नसेल तर घेऊ नका, संकेतस्थळावर लिपी ओळखण्यापासून सुरुवात करा. जर्मन येत असेल तर तीन खंडांचं मूळ आहेच, आणि गंभीर अभ्यासाला ते पुरेल. पण त्यात चौकटी कंसातले त्रुबाचोव नाहीत, म्हणून मी तरी रशियन आवृत्तीच घेईन.